पाचवं बटण

वर्गात तिला सगळे पुढारीच म्हणत. सहलीची गाडी ठरवायची असो की प्राचार्यांकडे गाऱ्हाणं न्यायचं असो, ही सगळ्यांच्या पुढे. रुग्णांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या वर्षाला ती इस्पितळात काम शिकायला आली, तेव्हा तिथल्या मुख्य बाई तिला काही पटल्या नाहीत. पेशंट शर्टाच्या बटणांशी झटापट करत असला की बाई स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर गप्प बसत. अशा थंड माणसाच्या ताब्यात विभाग दिला कुणी, असं ती घरी आईला विचारी. पुढाऱ्यानं कसं, झटकन उठून काम तडीस न्यावं. आई म्हणे, तुझ्या हातात विभाग येईपर्यंत तरी त्यांना राहू दे.

तिच्याकडे एक शिंपीकाका होते. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडलेला. जन्मभर जगाला बटणं लावून दिली आणि आता स्वतःच्या शर्टापुढे हात टेकले, असं हसत सांगायचे. दोन महिन्यांत बोटांत थोडा जीव आला होता. आणखी दोन महिने उपचार मिळाले तर कात्री धरतील, असा बाईंचा अंदाज. ते मिळणार की नाही, हे शर्टाची पाच बटणं ठरल्या वेळात स्वतः लावण्याच्या चाचणीवर होतं. चाचणी मीच घेते, असा हिनं हट्ट धरला. बाईंनी घड्याळ तिच्या हाती दिलं.

"हात तेवढे आवर," म्हणाल्या.

काकांनी चार बटणं लावली. पाचव्याला बोटं थरथरू लागली, कपाळावर घाम आला. काकू दाराशी श्वास रोखून उभ्या. हिला बघवेना. हिनं हात पुढे केला आणि बटण काजात सरकवलं. जरासंच तर. कागदावर लिहिलं, पाचही बटणं स्वतः लावली. प्रगती दिसली की मुदत वाढेल, असा भाबडा हिशेब. बाईंनी विश्वासानं खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांचा शेरा आला. रुग्ण स्वावलंबी, घरी सोडावे.

तिनं बाईंना सगळं सांगितलं. बाई कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि बऱ्याच वेळानं तसाच कागद घेऊन परतल्या. काकांची जागा सकाळीच दुसऱ्याला दिली होती. नवी चाचणी आता तीन महिन्यांनी.

"माझं नाव सांगितलंत?" तिनं विचारलं.

"सही माझी आहे. चूक माझी म्हणून सांगितलं."

"पण केलं मी होतं."

"तुझं नाव सांगून त्यांचा हात सुधारणार होता का?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारी काका निघाले. शर्टाचं खालचं बटण उघडंच होतं.

"पोरी, तेवढं पाचवं लावून दे. काल लावलंस तसं."

तिचा हात उठला. मग ती मटकन स्टुलावर बसली आणि दोन्ही हात तिनं मांड्यांखाली घातले. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि स्वतःच प्रयत्न सुरू केला. बटण काजापर्यंत जाई आणि निसटे. पुन्हा जाई, पुन्हा निसटे. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

शेवटी काकूंनीच ते लावलं आणि त्यांना धरून बाहेर नेलं. ती तशीच बसून राहिली. हातांना मुंग्या आल्या होत्या.