उरलेले कागद

मास्तरांचं शिलाईचं दुकान पोलीस ठाण्यासमोर, मधे बारा पावलांचा रस्ता. ठाण्याचे सगळे गणवेश तेच शिवत. त्यामुळे कुठे छापा पडला, कुणाकडे काही सापडलं, की पंच म्हणून सहीला मास्तर ठरलेले. जागेवर जायचीही गरज नसे. पुढे तर रोजचे हेलपाटे नकोत म्हणून फौजदारांनी एका दुपारी कोऱ्या कागदांचा गठ्ठाच आणला आणि चहा पिता पिता मास्तरांनी मोजून वीस सह्या ठोकल्या. एका कागदावर सही करताना शाई फुटली, तेव्हा फौजदार म्हणाले, "राहू द्या तो, मोजू नका, दुसरा घ्या." भीड भिकेची बहीण म्हणतात, मास्तरांकडे ती कायमची मुक्कामाला होती.

पाच वर्षांनी एक वकीलबाई, मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाईक, दुकानात आल्या. असले कागदी खटले खणून काढायचे हाच त्यांच्या संघटनेचा उद्योग. त्यांनी तेरा पंचनाम्यांच्या नकला टेबलावर मांडल्या. सगळे त्याच वीस कागदांतले. शेवटचा एका गॅरेजमधल्या मेकॅनिकचा. त्याच्या हत्यारांच्या पेटीत म्हणे पिस्तूल सापडलं. तो चार वर्षं तुरुंगात होता आणि खटला अजून रखडतच होता.

"तारीख बघा, मास्तर. त्या महिन्यात मी कोटाचं कापड शिवायला आणलं, तर तुम्ही मला परत पाठवलंत. का?"

मास्तरांनी तारीख पुन्हा वाचली. जिन्यावरून पडून त्यांचा उजवा हात तेव्हा दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता. आणि कागदावरची सही मात्र नेहमीसारखी वळणदार.

"सोमवारी साक्ष आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही खरं बोललात, तरच तो सुटेल."

संध्याकाळी फौजदार पँट घेऊन आले. "कमरेत जरा सैल करा. आणि सोमवारी सांभाळून बोला. उरलेले तुमचे कागद माझ्या खणात आहेत. त्यांवर काय लिहायचं, अजून ठरवलेलं नाही." बटण लावून द्या म्हणावं, इतक्या सहज ते बोलले.

रात्री मास्तर जेवायला बसले. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? त्या कागदांवर उद्या त्यांचाच कबुलीजबाब उगवला तर? बायको पानात वाढता वाढता म्हणाली, "इकडे आड, तिकडे विहीर, कळतंय मला. पण तुम्ही आपण होऊन उडी मारलीत. त्या मेकॅनिकला ढकललंय."

सोमवारी मास्तर साक्षीला उभे राहिले. ज्याच्या पेटीतून पिस्तूल निघताना त्यांनी 'समक्ष पाहिलं' होतं, त्या माणसाला ते पहिल्यांदाच बघत होते. तो त्यांच्या हाताकडे बघत होता.

"सही तुमचीच?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझीच. पण कागद कोरा होता. मी तिथे गेलोच नव्हतो."

मग विचारायच्या आत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "फौजदारसाहेबांकडे माझ्या सहीचे आणखी कोरे कागद आहेत. त्यांवर पुढे काही लिहिलेलं निघालं, तर ते माझं नाही."

"किती कागद?" न्यायाधीशांनी विचारलं.

दुसरा कुणी असता, तर 'असतील काही' म्हणाला असता. पण मास्तर पडले मापाचे माणूस. विसातून तेरा गेले. "सात," ते म्हणाले. टंकलेखकाने सात टंकलं. मास्तरांनी जबानी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मगच सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच वाचून सही केली, याचं त्यांना फार बरं वाटलं.

कोर्टाच्या जिन्याच्या तळाशी फौजदार उभे होते. चिडले नव्हते, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"सातच सांगितलेत? शाई फुटलेला विसरलात, मास्तर. मी कागद वाया घालवत नाही. पँट झाली का?"

मास्तर धापा टाकत वर गेले. वकीलबाई हसत बाहेर येत होत्या.

"आता तो सुटणार, मास्तर."

"बाई, माझ्या जबानीत साताचे आठ करता येतील?"

बाईंचं हसू मावळलं. "न्यायाधीश उठले. मी आजच अर्ज देते, पण तो ऐकतील पुढच्या तारखेला. सव्वीस दिवसांनी."

मास्तरांनी येऊन दुकान उघडलं, फौजदारांची पँट मांडीवर घेतली आणि कमरेची शिवण उसवायला लागले. समोर ठाण्याची खिडकी उघडी होती. फौजदार टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते.