धाकूच्या जागेवर

या, असे पुढे सरका. देवळाच्या पायरीवर जागा आहे, आणि गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. कीर्तनात बुवा उत्तररंगाला उभे राहण्याआधी बुक्का लावून घेतात ना, तसं मन जरा स्वच्छ करून ऐका, कारण गोष्ट सुडाची आहे. ती आहे पाणखारची.

ठाण्याकडच्या कोलशेताच्या पुढं, खाडीच्या काठाला पाणखार म्हणून गाव होतं. पहिली चूल कोळ्यांची पेटली, मागून मिठागरावरची माणसं आली. त्यांनी खाडीला बांध घातला आणि आतल्या खारवट जमिनीत भात पिकवला. बांधाला एक उघाडी ठेवली. दगडी खोबण, तिच्यात सागाची जाड फळी, फळीला दोरी. भरतीला फळी खाली, ओहोटीला वर. सगळं गाव त्या फळीच्या आड झोपायचं. दुसरी मोठी लढाई संपली, आसपास कारखाने आले, कुणी मोहन्याच्या कारखान्यात तर कुणी ठाण्याच्या कचेरीत नोकरीला लागलं. स्वस्तात जागा मिळते म्हणून नोकरदार मंडळींनी बांधाच्या आत घरं बांधली. अंगणात तुळस आली, घड्याळं आली, वर्तमानपत्रं आली.

पण गावात कोण आणि गावाबाहेर कोण हे ठरायचं एकाच ठिकाणी. चैत्री पुनवेला, गावदेवीच्या जत्रेच्या सकाळी, उघाडीजवळच्या शेंदरी दगडापाशी हाक व्हायची. पहिल्या चुलीपासून शेवटच्या चुलीपर्यंत, ज्या क्रमानं घरं आली त्याच क्रमानं, एकेक नाव घ्यायचं. घरच्या माणसानं 'हाय', म्हणजे आहे, म्हणायचं आणि नारळ फोडायचा. गावाचा इतिहास तोच आणि शिरगणतीही तीच, आणि सगळी तोंडपाठ. जो खाडीत गेला त्याचंही नाव घ्यायचे. त्याच्यासाठी 'हाय' कुणी म्हणायचं, तर ज्यानं त्याला जिवंत शेवटचा पाहिला त्यानं, देवीच्या दगडावर हात ठेवून. आणि जो म्हणेल त्याच्याकडे मेलेल्याचं गावकीतलं काम जायचं, तो स्वतः जाईपर्यंत.

हाक घालायचा मान भिवाजी कोळ्याच्या घरात होता, आणि उघाडीचं काम त्याच्या मुलाकडे, धाकूकडे. धाकूची बायको मंजुळा. ही गोष्ट तिची.

अठ्ठेचाळीसच्या कार्तिकातल्या वादळात धाकू उघाडीवर गेला तो परत आला नाही. वादळ शमल्यावर माणसं बघतात तर फळी खोबणीत घट्ट बसलेली, पण खाडीचं पाणी आधीच भातात शिरून गेलेलं. उभं पीक आणि गोड्या पाण्याची विहीर दोन्ही खारी झाली. फळी कुणी उघडली, अशी विचारपूस सुरू झाली. तेव्हा श्रीपाद म्हणून एक गृहस्थ पुढं आले. ठाण्याला कचेरीत नोकरी, अक्षर मोत्यासारखं, गावाला मदत मिळावी म्हणून अर्ज त्यांनीच लिहिलेला. त्यांचं घर उघाडीच्या अगदी लगत. ते म्हणाले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, धाकू पिऊन तर्र होता, भर भरतीला त्यानंच फळी ओढली, मग दोरी सुटली आणि तो खाडीत पडला.

पंचांनी ऐकून घेतलं. ज्यानं गावावर पाणी सोडलं त्याचं नाव हाकेत नको, असं ठरलं. म्हाताऱ्या भिवाजीनं मान खाली घातली. पुढं दरवर्षी हाक घालताना मुलाच्या नावाची जागा यायची. तो खाकरायचा आणि पुढचं नाव घ्यायचा. कडेला उभ्या मंजुळेला ते खाकरणं तेवढं ऐकू यायचं.

तिला ठाऊक होतं की हे खोटं आहे. धाकूनं कार्तिक लागला तशी दारू सोडली होती, जत्रेपर्यंतचा नवस होता. पण बायकोची साक्ष कोण धरणार? मग एके दिवशी ती मासळीची पाटी घेऊन श्रीपादांच्या मागल्या दारी गेली. त्यांची बायको मंदाकिनी आत होती, म्हणून बोंबील घ्यायला ते स्वतः आले. उजवा हात पुढे केला. त्या पंजावर आडवा, करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत, गुळगुळीत तांबूस व्रण होता.

मंजुळेनं मासळी त्या हातावर ठेवली आणि पाटी उचलून चालू लागली. बांधावर येऊन तिनं उघाडीची दोरी पंजात आडवी धरून पाहिली. उघाडीची दोरी धरताना हाताला ओलं फडकं गुंडाळायचं असतं, हे कोळ्याच्या लहान पोरालाही कळतं. भरतीचा रेटा आला की फळी दोरी खेचते, आणि उघडा हात असला तर असा भाजून निघतो. कचेरीत लेखणी धरून असा व्रण होत नाही.

त्या दिवसापासून तिनं ती गोष्ट दातांखाली धरली. कुणाला बोलली नाही. मासळी विकायला त्या दारी ती मुद्दाम जायची. मंदाकिनी तिला चार घोट चहा द्यायची आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायची. मंजुळेला त्यातूनही कळायचं ते कळायचं. घरी मासळी साफ करता करता ती सासऱ्याकडून हाक ऐकायची, एकेक घर, एकेक नाव. म्हाताऱ्याला वाटायचं, सुनेला विरंगुळा. ती पाठ करत होती.

सहा वर्षांनी भिवाजी गेला. हाक कुणाला येते म्हणून शोधाशोध झाली, तर एकट्या मंजुळेला. बाईमाणसानं हाक घालावी का, यावर पंचांत कुरकुर झाली. तेव्हा तिची बाजू कुणी घेतली म्हणाल? श्रीपादांनी. त्या साली नव्या नोकरदार घरांची नावं पहिल्यांदा हाकेत यायची होती, आणि त्यासाठी त्यांच्याइतका जीव कुणी टाकला नव्हता. इतकी वर्षं राहून गावात ते 'बाहेरचे भाऊसाहेब'च होते. पुढं पंचांत बसायचं होतं. ते म्हणाले, काळ बदलला, बाईनं हाक घातली तर काही बिघडत नाही, फक्त रीत जशीच्या तशी पाळा, रीत ती रीत. मंजुळेनं पदर सावरला आणि म्हणाली, "पाळीन, भाऊसाहेब. एक अक्षर इकडचं तिकडं करायची नाय."

जत्रेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला देवळात कीर्तन होतं. बुवा बाहेरगावचे, गळा असा की ऐकणाऱ्यानं आपली दुःखं चपलांपाशी ठेवून आत यावं. मंजुळेचा कीर्तनावर फार जीव. बायकांच्या मागं, खांबाला टेकून ती बसली. पूर्वरंगात बुवांनी नाम आणि मद यांचं निरूपण केलं, आणि ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. नामगजर झाला, बुवांना हार घातला गेला, आणि उत्तररंगाला बुवा म्हणाले की आज पुराणातलं आख्यान नको, तुमच्याच गावचा इतिहास सांगतो, इथल्या एका सद्गृहस्थांनी तो मला ऐकवला. मग पहिली चूल आली, बांध आला आणि वादळ आलं. त्यानंतर एक दारुडा कोळी आला, बांधावर झोकांड्या खात. बुवांनी त्याची नक्कल केली. तोंडानं हिक् हिक् केलं, फळी समजून स्वतःचंच उपरणं ओढलं. देऊळ खदखदून हसलं.

बुवांचा दोष नाही हो. त्यांच्या कानात जे ओतलं ते त्यांनी गायलं. पण ज्या गाण्यानं मंजुळेचं आयुष्य तरलं होतं, त्याच गाण्यात तिचा नवरा झोकांड्या खात होता, आणि पुढच्या रांगेत श्रीपाद मान डोलवत होते. तिच्या टाळ्या थांबल्या. आरतीला ती उठली, सगळ्यांसारखे हात जोडले, प्रसाद घेतला. सुंठवड्याचा तो फक्का तिनं खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघाडीवर सगळं गाव जमलं. बुवाही कौतुकानं आले. नोकरदार मंडळी धुतले कपडे घालून, हातात नारळ घेऊन उभी होती. मंजुळेनं दगडाला शेंदूर लावला आणि हाक सुरू केली. आवाज बारीक पण स्वच्छ. एकेक घर 'हाय' म्हणत होतं, नारळ फुटत होते. भिवाजीचं नाव आलं, त्याच्यासाठी तीच 'हाय' म्हणाली. मग जिथं म्हातारा खाकरायचा ती जागा आली.

ती खाकरली नाही.

"धाकू भिवाजी. बांधाचा राखणदार. वादळात खाडीला गेला."

कुणी नारळ फोडेना. मोरू पंच सगळ्यांत वयस्कर, तो पुढं आला आणि हळूच म्हणाला की पोरी, हे नाव काढलेलं आहे. मंजुळा म्हणाली की दगडापाशी उभ्या राहिलेल्याच्या तोंडून निघालेलं नाव परत जात नाही, ही रीत, आणि रीत पाळायला मला भाऊसाहेबांनीच सांगितलंय. मग ती श्रीपादांकडे वळली.

"भाऊसाहेब, त्याला जिता शेवटचा तुमी बघितलात. पंचांना सांगितलंत, काल बुवांनाही सांगितलंत. या. हात ठेवा आन् 'हाय' बोला."

श्रीपाद हसले. म्हणाले, आपण काही कोळी नाही. मागून कुणीतरी बोललं, "मग नारळ कशाला आणलाय, भाऊसाहेब? चटणीला?" माणसं हसली आणि त्या हसण्यानं त्यांना मागं जायला वाट उरली नाही. ते आले. दगडावर ठेवायला त्यांनी डावा हात पुढे केला.

"उजवा," मंजुळा म्हणाली.

तिनं त्यांचा उजवा पंजा धरला, उलटा केला, आणि मोरूसमोर धरला. मोरूनं जन्मभर दोऱ्या ओढलेल्या. त्यानं तो व्रण अंगठ्यानं चाचपला. बाकीचे कोळी मान पुढे काढून बघायला लागले.

"ही दोरी कधी धरलीस?" मोरूनं विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा श्रीपादांना कुणी अरेतुरे केलं होतं.

श्रीपाद हात सोडवू लागले. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून मंदाकिनीचा आवाज आला, थकलेला. "सांगून टाका. मला आता चहा देताना तिच्याकडे बघवत नाही."

मग ते बोलले, दगडाकडे बघत. अंगणात पावसाचं पाणी तुंबलं होतं. सकाळी ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर जाताना त्यांनी पाहिलं होतं, म्हणून वाटलं की फळी उचलली की पाणी बाहेरच जातं. त्यांनी उचलली, आणि खाडी आत आली. फळी खाली जाईना, हात सोलून निघाला. त्यांच्या ओरडण्यानं धाकू आला. एक शब्द वाकडा बोलला नाही. खाडीच्या बाजूनं पाण्यात उतरून त्यानं खांद्यानं फळी दाबली, ती खोबणीत बसली, आणि बाहेरच्या ओढीनं त्याला नेलं. श्रीपाद घरी पळाले.

बुवांनी डोक्यावरची पगडी काढली. तरणे कोळी पुढं सरसावले होते. मोरू म्हणाला की याचं चंबूगबाळं आजच्या आज गावाबाहेर काढा.

"नाय," मंजुळा म्हणाली. "त्याला बाहेर घालवायचा नाय. बाहेर गेला तर सुटला. त्याला गावात यायचंय ना? घ्या. धाकूच्या जागेवर."

श्रीपादांचा हात तिनं दगडावर दाबून धरला. शेवटी त्यांच्या तोंडून 'हाय' निघालं. तिनं पदराची गाठ सोडली, कालचा सुंठवडा त्यांच्या तळहातावर त्या व्रणावर ठेवला, आणि पुढचं नाव घेतलं.

तेव्हापासून प्रत्येक उधाणाला, धोतर खोचून, हाताला ओलं फडकं गुंडाळून, श्रीपाद चिखलात उतरायचे. कचेरीतून दमून आलेले असोत, अंगात ताप असो. मंजुळा बांधावर जाळं विणत बसलेली असायची. "फळी खाली करा, भाऊसाहेब," एवढंच म्हणायची. त्यांनी एकदा रडून माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि भरतीकडे बोट दाखवलं. देव क्षमा करतो म्हणतात, त्याला वेळ पुष्कळ. तिच्याकडे तेवढा नव्हता.

बुवा दरवर्षी येत राहिले. उत्तररंगात धाकू सांगायचे, तो खांद्यानं फळी दाबणारा. तेव्हा मंजुळा खांबाला टेकून टाळ्या वाजवायची.

तर तुम्ही घोडबंदर रस्त्यानं खाडीकडे कधी गेलात, आणि बांधाच्या कडेला शेंदराचा पुसट दगड दिसला, तर माझं एक ऐका. जरा थांबा आणि धाकू भिवाजीचं नाव घ्या. बरोबर कुणी असेल त्याला सांगा, 'हाय' म्हण म्हणावं.