रानगुलाबाचं कुंपण

कोन गावात जोहराचं घर रस्त्याला लागूनच होतं. अंगणातून दहा पावलं टाकली की कल्याण-भिवंडी रस्ता आणि त्यावर दिवसभर ट्रकांची रांग. तिचा मुलगा अय्यूब तेवीस वर्षांचा, अंगाने दांडगा. पण लहानपणी ताप डोक्यात गेला तेव्हापासून त्याची समज चार वर्षांच्या पोराएवढीच राहिली होती. ट्रकचा हॉर्न ऐकला की टाळ्या पिटत धावत सुटायचा. एक्क्याण्णव साली दोनदा ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, म्हणून वाचला.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरले दीर फखरुद्दीन म्हणाले, "साखळी घाल त्याच्या पायात. न्हाय तर वेड्यांच्या इस्पितळात ठेवू."

"जनावर हाय का तो, भाईजान?"

"मग किती दिवस धरून ठेवशील?"

धरवत नव्हतंच. त्याचं मनगट आपल्या ओढणीला बांधून ती भांडी घासायची. त्याने हिसका दिला की तीच फरपटत जायची. उजवा खांदा कायमचा दुखावला होता.

धामणकर नाक्यावर फुलं विकणाऱ्या गुणाबाईने उपाय सांगितला. "आमच्याकडं बांधाला रानगुलाब लावतात. म्हैसबी आत शिरत न्हाय." दुसऱ्या दिवशी तिने काटेरी फांद्यांची मोळीच आणून दिली.

जोहराने अंगणाच्या कडेने वितीवितीवर त्या काड्या खोचल्या. उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा भांड्यांचं पाणी, अय्यूबच्या अंघोळीचं पाणी, सगळं घमेल्यात धरून त्यांना घातलं. अर्ध्याअधिक काड्या वाळल्या. उरलेल्या मात्र हट्टाला पेटल्यासारख्या वाढल्या. तिसऱ्या वर्षी कुंपण डोक्यावर गेलं, पांढऱ्या फुलांनी भरलं. जोहराने फाटकाला कुलूप लावलं आणि ओढणीची गाठ सोडली.

एका दुपारी तिचा डोळा लागला. हॉर्नने जाग आली, तर अंगण रिकामं.

अय्यूब कुंपणात होता. धावत येऊन त्याने त्यात उडी घेतली होती आणि मधेच अडकला होता. सदरा फाटलेला, तोंडभर रक्त. ओरडत नव्हता.

"अम्मी," तो हळूच म्हणाला, "मारू नको."

जोहरा हातांनी फांद्या ओढू लागली, तशी तीही अडकली. शेजारचा हरी कोयता घेऊन धावत आला, तेव्हा कुठे दोघं सुटली.

जखमा महिन्याभरात भरल्या. पण अय्यूब अंगणात पाय ठेवीना. हॉर्न वाजला की कानांवर हात ठेवून पलंगाखाली सरकायचा.

"बरं झालं," फखरुद्दीन म्हणाले. "घोर मिटला तुझा."

ते गेल्यावर जोहराने हरीकडून कोयता मागून आणला. कुंपण बुडापासून तोडलं. पंधरा दिवसांत पुन्हा कोंब फुटले, तेव्हा कुदळ घेतली. दुखऱ्या खांद्याने आठवडाभर खणत राहिली आणि मुळं उपटून जाळली. आता दारातून रस्ता सरळ दिसत होता.

ती आत आली, पलंगाशी जमिनीवर आडवी झाली आणि हात खाली घातला.

"चल, बाळा, ट्रक बघू. मी हाय ना संगं. हात धर."

बाहेर हॉर्न वाजला. अय्यूब आणखी आत, भिंतीला चिकटला. जोहराने हात तसाच पुढे धरला. संध्याकाळ झाली, खांदा बधिर झाला, तरी तिने हात मागे घेतला नाही.