पटलाचा आखूड पाय

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. माझी भावंडे घराघरांत आहेत. त्यांच्यावर कोणी अभ्यास करते, कोणी भाजी निवडते. मी सभागृहात असते, म्हणून मला ‘पटल’ म्हणतात. नाव मोठे, लक्षण खोटे. ते कसे, तेच आज सांगायचे आहे, आणि सांगताना मला लाज वाटते.

सुताराने मला जाड शिसवी फळीचे केले, पण घाईत माझा एक पाय दोन सूत आखूड कापला. तेव्हापासून मी डगमगते.

माझे काम मोठे होते. सभागृह कायदा करते. बारीकसारीक नियम करायचे खात्यावर सोपवते. खात्यातले अधिकारी मसुदा लिहितात, विधिज्ञ तो तपासतात आणि छापील नियम माझ्यावर ठेवतात. मग एक समिती माझ्याभोवती बसून, मूळ कायदा शेजारी ठेवून ते नियम वाचते. खात्याने आपल्या अधिकाराबाहेर काही लिहिले असेल, तर ठरलेल्या मुदतीत हरकत घेते. मुदत सरली की नियम पक्का. समितीची प्रत माझ्या अंगावर असे, याचा मला फार अभिमान होता.

एकदा माझ्या डगमगण्याने मंत्र्यांच्या कागदांवर पाणी सांडले. कारकून बिचारा सगळ्यांची बोलणी खाऊन आला. हाताशी आली ती समितीची प्रत त्याने घडी घालून माझ्या आखूड पायाखाली सारली. नंतर काढून ठेवू म्हणाला आणि विसरला. समितीच्या सभासदांच्या खणांतही त्याच नियमांची पाकिटे होती, पण ती कोणी फोडलीच नाहीत.

मी जन्मात पहिल्यांदा ताठ उभे राहिले. समितीच्या अध्यक्षबाईंनी माझ्यावरून हात फिरवून कारकुनाला शाबासकी दिली. पायाखाली काय आहे, हे मला ठाऊक होते. पण मला सुख लागले होते. आपण भले, आपले काम भले, असे म्हणत मी उभे राहिले आणि मुदत सरली.

पुढच्या अधिवेशनात एक बाई समितीपुढे आली. तिचा नवरा एका छोट्या कारखान्यात तेलाची टाकी साफ करताना आत गुदमरून गेला होता. कमरेला दोर नव्हता, बाहेर लक्ष ठेवायला माणूस नव्हता. आता त्याच टाकीत तिचा धाकटा भाऊ उतरत होता.

“कायद्यात दोर लिहिलाय ना?” तिने विचारले. “मग मालक म्हणतो, दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे लागत नाही. ही सूट कुणी दिली?”

अशी सूट द्यायचा अधिकार खात्याला नव्हताच. अध्यक्षबाई म्हणाल्या, असा नियम आमच्यापुढे आलेलाच नाही.

तेव्हा कारकून खाली वाकला आणि त्याने माझ्या पायाखालची घडी ओढून काढली. मी कलले. माझ्यावरचा पेला घरंगळत त्या बाईकडे गेला, तो तिनेच सावरला.

“आला होता, बाई. मीच खाली सारला,” तो अध्यक्षबाईंना म्हणाला.

अध्यक्षबाईंनी तो चुरगळलेला कागद हाताने सरळ केला. “माझ्या खणातलं पाकीट अजून बंदच आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकटे नाही.”

मला कोणीच काही विचारले नाही. टेबलाला कोण विचारणार? पण त्या दिवशी मला माझे चारही पाय नकोसे झाले.

समितीने सभागृहाला अहवाल दिला, सूट रद्द झाली. भावाच्या कमरेला आता दोर असतो. नवऱ्याच्या कमरेला तो नव्हता, हे काही केल्या पुसता येत नाही.

नंतर माझा पाय नीट करायला सुतार आला, तेव्हा अध्यक्षबाईंनी त्याला परत पाठवले. “डगमगू दे. आम्ही खाली बघत तरी जाऊ,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या वर्गातला बाक डगमगला, तर तो जरूर दुरुस्त करा. पण त्याच्या पायाखाली कागद सारण्याआधी तो एकदा उघडून वाचा. त्यात कोणाचा तरी दोर असतो.