जांभळी जीभ

“जीभ दाखव बघू,” कुलूपवाला म्हणाला. बायकोनं उशीवरून मान न उचलता जीभ काढली. जांभळी होती.

“सगळ्या तुती खाल्ल्यास ना?”

“अहो, वाटी रिकामी दिसत नाही का? आता पोट उघडून दाखवू? आणा तुमच्या किल्ल्या!”

गडी खूश झाला. गल्ली त्याला थापाड्या म्हणायची, ते उगाच नव्हे. एकदा आपण नुसते खाकरलो तर बँकेची तिजोरी घाबरून उघडली, असं तो शपथेवर सांगे. अशा थापा पकडण्यात बायकोचा उभा संसार गेला होता. पण तुतीची गोष्ट थाप नव्हती. असली गडद फळं कॅन्सरला लांब ठेवतात, असं रेडिओवर कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हापासून हा पिकल्या केसांचा गृहस्थ दुकानामागच्या तुतीवर माकडासारखा चढत होता.

इंजेक्शन द्यायला घरी येणाऱ्या नर्सला त्यानं हे तोऱ्यात सांगितलं. ती हळूच म्हणाली, “काका, ते होऊ नये म्हणून. आणि तेही कदाचितच. झाल्यावर मग...”

“चोर आत शिरल्यावरही मी कुलूप लावलंय, सिस्टर. आतच अडकला बेटा!”

नर्स हसली नाही.

त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं. जिभेचं फक्त टोक जांभळं. दात पांढरे, ओठ कोरडे. आणि उशालगतच्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर जांभळ्या डागांचा सडा. हिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं, तुती कुठून उतरणार? एक जिभेवर घासायची, बाकीच्या पाखरांना. तिची आयुष्यातली पहिली थाप, तीही इतकी कच्ची! असल्या कामात मुरलेल्या माणसाला ती पकडणं काय अवघड होतं?

“वा! आज तर घशापर्यंत रंग गेलाय,” तो म्हणाला.

“मग!” ती म्हणाली, आणि डोळे मिटून हसली.

झाडावर तुती होत्या तोवरच ती गेली.

सगळे पांगल्यावर त्यानं लेकीपुढे भरलेली वाटी ठेवली. “खा. होऊ नये म्हणून.”

“बाबा, कदाचितच हं.”

“कदाचित तर कदाचित. जीभ दाखव.”

लेकीनं लहानपणीसारखी जीभ काढली. जीभ, दात, ओठ, सगळं रंगलं होतं. तो बघतच राहिला. तिनं फडक्यानं तोंड पुसलं आणि तेच घेऊन ती खिडकीशी गेली.

“बाबा, हे डाग कसले? पुसते.”

“राहू दे. पाखरांनी सांडलंय.”

थाप साधीच होती. पकडणारं कुणी नव्हतं.