न पाहिलेलं पाणथळ

दर तीन वर्षांनी त्या ऑफिसात एक काम निघायचं. उपग्रहाने टिपलेली एकाच भागाची दोन छायाचित्रं, एक जुनं आणि एक नवं, शेजारी शेजारी ठेवायची आणि जमीन कुठे कशी बदलली ते नकाशावर रंगवायचं. झाडी कुठे गेली, पाणी कुठे आटलं, घरं कुठे उठली. अहवालाच्या तळाशी एक चौकट असायची, ‘प्रत्यक्ष पाहणी केली’. खुर्चीवरून न उठता तिच्यात बरोबरची खूण करायची, ही तिथली जुनी रीत. वाचकहो, अशी एखादी चौकट तुमच्याही ओळखीची असेल!

हे काम कोपऱ्यातल्या खोलीत बसणाऱ्या एका बाईंचं होतं. वय छप्पन्न. दिवसभर आभाळातून जमीन न्याहाळतात म्हणून सगळे त्यांना ‘दुर्बीणताई’ म्हणत. नाव लाडाचं, पण त्यांच्या खोलीत गप्पा मारायला कुणी फिरकत नसे. घरीही कुणी नव्हतं. आई होती, ती तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा तो दूध उतू गेलं तरच.

यंदा त्यांनी नवं छायाचित्र उघडलं आणि शहराबाहेरच्या पाणथळापाशी त्यांचा हात थांबला. त्या छायाचित्रांत पाणी काळं दिसतं आणि हिरवळ लालभडक. पाणथळाच्या अर्ध्या भागावर गोदामांची राखाडी छपरं उभी होती. उरलेल्या अर्ध्यात मात्र काळं पाणी आणि दाट लाल लव्हाळा होता. आणि तीन वर्षांपूर्वीच्या नकाशात हा सगळा भाग ‘पडीक’ म्हणून रंगवलेला! खाली सही त्यांचीच.

त्यांनी जुन्या छायाचित्राची तारीख पाहिली. ऐन उन्हाळा. मग सगळं आठवलं. पावसाळ्यानंतरच्या छायाचित्रावर ढग होते, म्हणून त्यांनी उन्हाळ्यातलं स्वच्छ छायाचित्र घेतलं होतं. आई दवाखान्यात होती. जाऊन बघायला हवं होतं. त्यांनी चौकटीत खूण केली आणि दवाखान्याकडे पळाल्या.

त्या साहेबांकडे गेल्या.

“साहेब, माझी चूक झाली. ते पडीक नव्हतं. उन्हाळ्यात सुकलेलं होतं.”

साहेब हसले. “अहो, मग ही तुमची चूक कुठे, उन्हाळ्याची चूक! उरलेला तुकडाही पडीकच दाखवा. जुना आणि नवा नकाशा जुळले की कुणी विचारत नाही. दोन वर्षांत निवृत्त होणार, कशाला सुखाचा जीव दुःखात घालता?”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ताई बसने तिकडे गेल्या. गोदामांच्या भिंतीमागे पाण्याच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच चटई विणत बसले होते.

“इथे तुम्हीच राहता का, बाबा?”

“पूर्वी आम्ही अकरा घरं होतो. सगळे चटया विणणारे. निम्मं पाणी भरावाखाली गेलं, लव्हाळा पुरेनासा झाला. पांगले सगळे. माझी मुलंसुद्धा.” हात न थांबवता ते म्हणाले, “भराववाले कागद दाखवत होते. कुणी बाई येऊन बघून गेली, जमीन पडीक आहे, असं लिहिलं होतं. आम्ही ओरडून सांगितलं, कुणी आलंच नाही! पण कागदापुढे आमचं कोण ऐकणार?”

ताई एक पाऊल पुढे आल्या. “ती बाई मीच, बाबा. चूक झाली माझी.”

आता म्हाताऱ्यांचे हात थांबले. 

“उन्हाळ्यात लव्हाळा वाळतो ताई, मरत नाही. मुळं ओलीच असतात. वरून बघणाऱ्याला ते कळलं नाही, ही झाली चूक. पण न बघता ‘बघितलं’ लिहिलंत, त्याला चूक म्हणू नका. ते खोटं.”

“मला माफ करा.”

“तुमच्या माफीचं मी काय करू? जिथे लिहिलंत, तिथेच खोडा!”

बसमध्ये ताईंच्या शेजारची जागा रिकामी होती. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि आईच्या वेळी न आलेलं रडू त्यांना त्या दिवशी आलं.

आठवडाभर खपून त्यांनी नवा अहवाल केला. बारा वर्षांची छायाचित्रं, दर वर्षीची दोन, एक पावसाळ्यानंतरचं, ढग नसलेला दिवस शोधून घेतलेलं, आणि एक उन्हाळ्यातलं. प्रत्येक उन्हाळ्यात सुकलेलं आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर भरलेलं पाणथळ त्यांत स्पष्ट दिसत होतं. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘मागील वेळी मी तिथे गेले नव्हते. पाहणी केल्याची नोंद खोटी आहे.’

चौकशी झाली. सहीचा अधिकार गेला. साहेब समोरून आले की भिंतीकडे बघू लागले, आणि जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं. पण उरलेला तुकडा भरावाच्या यादीतून वगळला गेला.

हे सांगायला ताई पुन्हा पाणथळावर गेल्या. “अर्धंच वाचलं, बाबा.”

“गेलेले लोक काही परत येत नाहीत,” म्हातारे म्हणाले. मग त्यांनी विणलेली चटई ताईंसाठी पसरली. “बसा. त्या कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवा.”

ताईंनी वाचलं, “हे जिवंत पाणथळ आहे. येथे लोक राहतात.”

“पुन्हा एकदा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं, सावकाश, मोठ्याने. त्या दिवशी आभाळाखाली दोघंच होती.

मित्रहो, वरून जग बघण्याची साधनं आता आपल्या हाती आहेत, आणि ती वाढतच जाणार. त्यांचा अभिमान जरूर बाळगा. पण कुणाच्या जमिनीला, कुणाच्या जगण्याला ‘पडीक’ म्हणण्याआधी एकदा तिथे जा आणि तिथल्या माणसाला विचारा. आणि जाणं झालं नसेल, तर निदान ‘गेलो नाही’ एवढं खरं लिहा!