दोन ‘समाप्त’च्या मध्ये

रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या साहेबांनी तिला त्या सकाळी साफसफाईचं काम दिलं होतं. रुग्णांच्या माहितीत ‘जुनी नोंद’ या शब्दांनी सुरू होणारा आणि ‘समाप्त’ या शब्दाशी संपणारा मजकूर काढून टाकायचा होता. हाताने करत बसलं तर महिना गेला असता. तिने असा मजकूर शोधून पुसणारा एका ओळीचा पॅटर्न लिहिला: ‘जुनी नोंद’, पुढे टिंब आणि तारा, मग ‘समाप्त’. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे अशी हवी तितकी अक्षरं. दोन-चार रुग्णांच्या माहितीवर चालवून पाहिला, ठीक वाटला, म्हणून सगळ्यांवर चालवला.

तिची धाकटी नणंद त्याच इमारतीत अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी भरती होती. हिचा नवरा बाहेरगावी, त्यामुळे घरचं माणूस म्हणून हीच. तिला ऑपरेशनसाठी आत नेलं का, ते बघायला हिने तिची माहिती उघडली. वर नाव, वय. खाली डॉक्टरांचं नाव. मधलं सगळं गायब. पेनिसिलीन चालत नाही ही लाल ओळ काल हिच्यासमोरच भरली होती.

नणंदेच्या माहितीत जुन्या नोंदी दोन होत्या आणि ती लाल ओळ त्यांच्या मध्ये होती. तारा पडला अधाशी. तो पहिल्या ‘समाप्त’पाशी थांबलाच नव्हता, शेवटच्या ‘समाप्त’पर्यंत गिळत गेला होता. ताऱ्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं असतं, तर तो वेळीच थांबला असता.

ऑपरेशनच्या खोलीतला फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. साहेबांना तिने एवढंच सांगितलं की सगळी यंत्रणा बंद करा, काल रात्री काढून ठेवलेली प्रत परत चढवा आणि प्रत्येक वॉर्डला फोन करून औषधं थांबवायला सांगा. साहेब काही विचारायच्या आत ती जिन्यावर होती. नणंदेला भूल दिली असेल, म्हणजे ती स्वतः काही सांगू शकणार नाही, हे जिन्यातच तिच्या लक्षात आलं.

दारातल्या परिचारिकेने तिला अडवलं.

“पेनिसिलीन देऊ नका,” कसंबसं ती म्हणाली. “तिला चालत नाही. माहितीतून ते माझ्या हातून पुसलं गेलंय.”

परिचारिका आत धावली. दार मिटलं. ही भिंतीला टेकून आतल्या आवाजांकडे कान लावून उभी राहिली. मग दार थोडं उघडलं.

“इंजेक्शन भरून ठेवलं होतं. दिलं नव्हतं.”

हिने डोळे मिटले, पण सुटल्यासारखं वाटेना. बाकीच्यांसाठी कोण धावलं असेल?

वरच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या माहितीतलीही लाल ओळ पुसली गेली होती आणि त्यांना न चालणारं इंजेक्शन देऊन झालं होतं. ती एकेक वॉर्ड बघत तिथे पोचली तेव्हा त्यांचा चेहरा सुजला होता, श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि डॉक्टर त्यांच्यावर वाकले होते. बऱ्याच वेळाने श्वास सरळ झाला. आता धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर त्यांची मुलगी बसली होती. असं कसं झालं, हे तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं होतं. तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं. ही तिच्याशेजारी बसली.

“मी सांगते,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”